माझ्या वेतात मुरलेला वास

मी एक जुना माण आहे. तुमच्याकडे भात मोजायला अधोली असते, तसा ओडिशाच्या किनाऱ्यावर माण असतो. वेताचा, गोल, जुळवलेल्या ओंजळीसारखा. मित्रांनो, मला नाकाजवळ नेलेत तर आधी फिनेलचा वास येईल. तो माझा नव्हे. तो मला कसा लागला, एवढेच सांगायचे आहे. एरवी मी फारसा बोलणारा नाही. वर्षातले अकरा महिने मी खुंटीवर पालथा असतो.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने विणले. भिजवलेला वेत तो दातात धरून सोलत असे. माझ्या कडेला त्याच्या दाताची खूण आजही आहे. माझी आताची मालकीण मिनती; तिच्या सासूने मला घरी नेले. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी मला धुऊन, नव्या भाताने काठोकाठ भरून, लाल कापड गुंडाळून पाटावर बसवीत. त्या दिवसापुरता मी माप राहत नसे, लक्ष्मी होत असे. अंगणापासून माझ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पांढरी पावले येत. शेजारणी वाकून बघत आणि म्हणत, असा घट्ट विणीचा माण गावात दुसरा नाही. मला ते ऐकायला आवडे, हे मी लपवत नाही.

पुढे एका वादळात समुद्र शेतात शिरला. तीन वर्षे तिथे भाताऐवजी मिठाचे पापुद्रे पिकले. मिनतीचा नवरा निरंजन इकडे रायगडच्या किनाऱ्यावर आला आणि एका कारखान्यात ठेकेदाराकडे पाइप रंगवू लागला. मिनती निघाली तेव्हा सासूने मला तिच्या पेटीत घातले. म्हणाली, "याला कधी रिकामा बसवू नकोस."

किहीमच्या अलीकडे भाऊंची नारळ-सुपारीची वाडी आहे. भाऊ निवृत्त शिक्षक. वाडीच्या टोकाला त्यांनी पाच खोल्यांची चाळ बांधली आहे. त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही राहू लागलो. माझ्या खुंटीखालच्या फळीवर एका बाजूला मोहरीच्या तेलाची बाटली, दुसऱ्या बाजूला झुरळांची वसाहत. त्या ओल्या, तेलकट मिशा माझ्या विणीतून फिरत, तेव्हा मला शिसारी येई. पण खरी किळस मार्गशीर्षात येई. नवे भात कुठून आणणार? मिनती दुकानातला तांदूळ माझ्यात ओतायची. पॉलिश केलेला, बोरिक पावडरचा वास मारणारा, कधीच न उगवणारा. ती हात जोडायची आणि मान खाली घालायची. पाच वर्षे मी तोंडात मेलेले दाणे धरून लक्ष्मी म्हणून बसलो.

सहाव्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, तिने धीर केला. आमच्या खोलीसमोर, मधला नळ ओलांडला की, कोकिळा नावाच्या शेजारणीचे घर. तिची रस्त्यापलीकडे भाताची चार खाचरे. ती आणि मिनती भाऊंच्या वाडीत एकत्र सुपारी सोलायला बसत. त्या दिवशी मिनती मला हातात घेऊनच तिच्या दारात गेली.

"ताई, नवा भात पाहिजे. थोडा. ह्याच्यात बसेल तेवढा."

"न्हाय कशाला म्हणू? परवाच झोडलंय," कोकिळा म्हणाली. "पर तुला भात कशाला गं? कोंबड्या पाळल्यास काय?"

"पूजा हाय. गुरुवारची. लक्ष्मी."

"आत्ता? अगं बाय, मार्गशीस लागायला पंधरा दिस हायत अजून!"

"आमच्यात लागला."

कोकिळा मोठ्याने हसली. "तुमची लक्ष्मी लवकरची गाडी पकडते काय? दे इकडं."

तुमचा महिना अमावास्येला संपतो, आमचा पौर्णिमेला. म्हणून आमचा मार्गशीर्ष तुमच्या आधी उजाडतो. हे कारण मिनतीला समजावता आले नाही आणि कोकिळेने विचारले नाही. तिने मला काठोकाठ भरले, वर आणखी एक मूठ टाकली. ते टोकदार, कुसळे असलेले, उन्हाचा वास येणारे दाणे विणीला टोचले आणि मला माझे गाव आठवले.

त्या गुरुवारी नळापासून माझ्यापर्यंत पावले उमटली. खोलीत गूळ-खोबऱ्याचे पिठे, तुमच्या मोदकांसारखे, वाफेवर शिजले. संध्याकाळी कोकिळा आली, केसांत फूल माळून. माझ्यासमोर वाकून नमस्कार केला, "छान मांडलंस गं," म्हणाली आणि पदर पुढे केला.

मित्रांनो, इथे मला माझ्याच घराची लाज वाटते. आमच्याकडे या पूजेचा प्रसाद घराबाहेर जात नाही. सासरी गेलेल्या मुलीलाही देत नाहीत. प्रसादाबरोबर लक्ष्मी निघून जाते म्हणतात. मिनतीचा हात पातेल्यापर्यंत गेला आणि थांबला.

"ताई, हे नाय देता येत. चहा देते."

"नाय देता येत?" कोकिळेचा पदर तसाच होता. "माझ्या भातावर पूजा, आन् मलाच न्हाय? मी काय विटाळाची हाय?"

"नाय ताई, तसा नाय..."

"ऱ्हाऊदे तुझा चहा."

ती गेली. मी तिच्याच भाताने भरलेला होतो. रिकामा असतो तर बरे, असे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

दुसऱ्या दिवशी नळावर तिने एवढेच सांगितले की प्रसाद लपवला. दुखावलेले माणूस सांगते तसे. पुढचे इतरांनी रचले. मधल्या खोलीतली किशोरी म्हणाली, "प्रसाद कुनी लपवतं? आन् पावलं बघितली? समदी आतच जातात. आपल्या शेतातलं भात घेतलं, अमावास्या जवळ. ही पूजा न्हाय बायांनो, ही करणी हाय." कोकिळा घागर भरत होती. महिना त्यांचा आधी लागतो, भात मीच हाताने दिले, एवढे तरी ती बोलू शकली असती. ती घागर उचलून निघून गेली. झुरळांच्या मिशांपेक्षा ते गप्प राहणे मला ओंगळ वाटले.

दुसरा गुरुवार. मिनतीने पहाटे उंबऱ्याशी पावले काढली आणि मला पाटावर बसवून ती आत पीठ मळायला गेली. त्या दिवशी ती मासळीला हातही लावत नाही, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होते. ती बाहेर आली तेव्हा उंबऱ्यावर मासळीची घाण ओतलेली होती. काळपट आतडी, खवले, फुटलेले पित्त. त्याखाली पांढरी पावले, आणि या सगळ्यावर फिनेल. पहाटेच्या अंधारात कोणी ओतले ते मला दिसले नाही. मिनती तिथेच बसली. माशा घोंघावत आल्या. त्यातली एक माझ्या लाल कापडावर बसून पाय चोळू लागली.

किशोरी भाऊंना घेऊन आली. भाऊंनी नाकावर रुमाल धरला होता.

"हे बघा, आमच्या वाडीत असले प्रकार चालायचे नाहीत," ते अत्यंत शुद्ध भाषेत म्हणाले. "पंधरा दिवसांत खोली रिकामी करा. आधीच तुमच्या त्या तेलाच्या वासाने आम्ही हैराण आहोत."

"भाऊ, पूजा हाय ही. लक्ष्मी हाय."

"आमची लक्ष्मी आम्हाला माहीत आहे." घाण ओलांडून ते आत आले आणि चपलेच्या टोकाने त्यांनी मला दाराकडे ढकलले. "आणि हे जे काय आहे, ते बाहेर फेका."

मी कलंडलो आणि गडगडत त्या घाणीत गेलो. कोकिळेचे भात फिनेलमध्ये पसरले. ती आपल्या दारात उभी होती. तिने आपले दाणे ओळखले, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. तरीही ती आली नाही. मिनती एकेक दाणा वेचत राहिली. तिने मला तीनदा घासले, उन्हात ठेवले. वास गेला नाही. निरंजन दिवसभराचे काम करून खोली शोधत हिंडू लागला. नाव ऐकले, गाव ऐकले, की लोक म्हणत, खोली दिली गेली. रुमाल न धरताही नाक मुरडता येते, हे त्याने मिनतीला सांगितले नाही. पण तो जेवला नाही त्यावरून तिला कळले.

तिसऱ्या गुरुवारी मिनतीने मला भरलेच नाही. बांधलेल्या पेटीवर मी रिकामा, दाराशी पडून होतो. आणि त्याच सकाळी समोर कोकिळेचा पहिला गुरुवार उजाडला. तिने अंगण सारवले, घटावर नारळ ठेवला, मग रांगोळी घेऊन उंबऱ्याशी वाकली आणि पावले काढू लागली. छोटी, पांढरी, समदी आत जाणारी. पाचव्या पावलाशी तिचा हात थांबला. तिने मान वर करून आमच्या उंबऱ्याकडे पाहिले. मग उठली, नळ ओलांडून आली.

"दे तो तुझा माण."

"फेकणार?" मिनतीने विचारले.

"फेकते कशाला! दे म्हनते ना."

तिने मला नव्या भाताने भरले, लाल खण गुंडाळला आणि संध्याकाळी भाऊंच्या घरी नेले. तिथे प्रमोदिनीकाकूंचे, म्हणजे भाऊंच्या पत्नीचे, हळदीकुंकू होते. पुढची ओसरी बायकांनी गजबजलेली. कोकिळेने मला चौरंगावर घटाशेजारी ठेवले.

"अगंबाई, किती सुबक विणलंय!" काकूंनी मला हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले. "जुनं दिसतंय. कुठलं गं?"

एकेक बाई वाकली. किशोरीही वाकली, तिचे कपाळ माझ्या कडेला टेकले. शेवटी सोवळे नेसलेले भाऊ आले आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

"बरं झालं भाऊंनी नमस्कार केला," कोकिळा म्हणाली. "गेल्या गुरुवारी ह्यालाच चपलेनं ढकललं होतं."

काकूंनी हळदकुंकवाची वाटी खाली ठेवली.

"मिनतीचा माण हाय ह्यो. भात माझं हाय, म्या सोताच्या हातानं दिलंवतं. करणी-बिरणी काय न्हाय. तिचा मार्गशीस आपल्या आधी लागतो, एवढंच. हे मला ठाव होतं आन् मी नळावर तोंड मिटून बसले. थुंका माझ्यावर."

कोणी थुंकले नाही. किशोरीने कपाळ पुसले. जोडलेले हात सोडावेत की तसेच ठेवावेत, हे भाऊंना समजेना. अखेर ते घसा खाकरून म्हणाले, "राहू देत त्यांना. खोली सोडायचं कारण नाही." आणि आत गेले. वास तर तोच होता. माझ्या वेतातून त्या दिवशीही फिनेल येत होते. उदबत्तीच्या आड तो कोणालाच आला नाही. मित्रांनो, चप्पल लागली तेव्हा आली नव्हती एवढी किळस मला त्या नमस्कारांची आली.

चौथ्या गुरुवारी खोलीत पुन्हा पिठे शिजले. कोकिळा दाराशी येऊन उभी राहिली, पण तिने पदर पुढे केला नाही.

"ताई, भाएर नाय देता येत," मिनती म्हणाली. "आत ये. बस."

तिने घरच्या माणसासाठी मांडतात तसा पाट मांडला. कोकिळा बसली, जेवली, तिथेच हात धुतला. प्रसाद घराबाहेर गेला नाही. सासूला हे चालले असते का, मला माहीत नाही. मिनतीने विचारले नाही.

"गूळ कमी टाकतेस गं," कोकिळा तोंड भरून म्हणाली.

"पुढच्या वर्षी जास्त टाकते. लवकर ये. आमचा आधी लागतो."

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. माझ्या वेतात फिनेल मुरले आहे, ते बहुधा मी कुजेपर्यंत राहील. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा असे मी सांगणार नाही; झुरळांची मला सवय झाली आहे. एवढेच मागतो: परक्या उंबऱ्यावर तुम्हाला न समजणारे काही दिसले, तर बादली उचलण्याआधी दार वाजवा. आत कोणीतरी पीठ मळत असेल. हात पुसून ते बाहेर येईपर्यंत थांबा.