तार धरायचा दिवस

मी बेकरीत काम करते. दिवसाला दीडशे अंडी फोडायची, पांढरं एका भांड्यात, पिवळं दुसऱ्यात. त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसलं की तो दिवस," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, निदान एवढं तरी मला ओळखता येईल.

चार वर्षं आम्ही मुलासाठी पाळीपासूनचा चौदावा दिवस धरून बसलो होतो. नवरा कारखान्यात रात्रपाळीचा रखवालदार. त्या दिवशी रजा टाकायचा, साहेबाची बोलणी खायचा. माझी पाळी पस्तीस दिवसांनी येते, हे नर्सबाईंच्या आधी कुणी विचारलंच नव्हतं. घोडं तिथेच पेंड खात होतं. चार वर्षांची मेहनत सगळी पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांनी समजावलं. पाळी संपली की काही दिवस कोरडे जातात. मग गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव यायला लागतो, आधी खळीसारखा चिकट आणि तुटक, नंतर पांढरट, मलईसारखा. बीज सुटायची वेळ जवळ आली की तो पातळ, पारदर्शक, निसरडा होतो, आणि दोन बोटांत ओढला तर पाकासारखी तार धरतो. असा असला की बीजापर्यंतची वाट मोकळी. एकदोन दिवसांत पुन्हा घट्ट होतो आणि दार बंद.

मी एकेचाळीस वर्षांची. आमचं ठरलं, तीन महिने असं करून बघायचं आणि मग हा विषय कायमचा सोडायचा. पहिल्या महिन्यात तार आली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. दुसऱ्या महिन्यात सगळं जमलं, तरी पाळी आलीच. रोज संडासात बसून बोटांकडे बघायचा मला अगदी वीट आला होता.

तिसऱ्या महिन्यात एकविसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, बेकरीच्या संडासात दिसली. बोटभर लांब, काचेसारखी स्वच्छ. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र दाराला डोकं टेकून बसून राहिले. मग बेकरीच्या मोठ्या बाईंना पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले.

दुपारपाळीचा रखवालदार आला नाही म्हणून नवऱ्याने आदल्या दुपारपासून सलग दोन पाळ्या केल्या होत्या. एक बूट पायातच ठेवून झोपला होता. मी कडेला बसले, तसं डोळे न उघडताच त्याने विचारलं, "आज आहे का?" आणि शर्टाची बटणं काढायला लागला. आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

"आहे तर उठतो," तो म्हणाला. "पाच मिनिटं दे फक्त."

"नाही, आज नाहीये. अशीच आले."

त्याने डोळे उघडले. "अशीच?"

"हो, अशीच."

तो भिंतीकडे सरकला आणि पांघरुणाची कड वर धरली. मी त्याचा बूट काढला आणि आत शिरले. त्याने माझ्या पाठीवर हात टाकला आणि लगेच घोरायला लागला. मूल मला हवं होतं, त्या क्षणीही हवं होतं. पण त्याला उठवायचं माझ्याने झालं नाही.

तार दुसऱ्या दिवशीही राहते कधी कधी, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. मी बघितलं नाही.