मी, जलोदर नावाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव जलोदर. ऐकून नाक मुरडू नका. आजाराचं नाव आहे, त्यात माझा काय दोष? जल म्हणजे पाणी आणि उदर म्हणजे पोट, हेच माझे आईवडील. रोग्याचं पोट पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पखालीसारखं डुचमळतं, हे जुन्या वैद्यांनी हात ठेवून ओळखलं आणि मी जन्मलो.

पुढे दवाखान्यांत याच आजारासाठी मूळचा ग्रीक असलेला 'असायटिस' हा शब्द आला. सगळे त्याचाच उदोउदो करू लागले. मी शब्दकोशात पडून राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका शिंपीकाकांचं पोट सुटू लागलं. काका आपल्याच विजारीची कंबर उसवून कापड जोडत आणि "सुखाचं पोट आहे" म्हणून हसत. काकूंना मात्र त्यांच्या सदऱ्याचे खांदे ढिले पडलेले दिसत होते. शेवटी त्यांनीच काकांना दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असायटिस आहे. मीठ अगदी कमी करा." काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवताना वरून मीठ घेतलंच. थोड्याच दिवसांत त्यांना धाप लागली, पाय सुजले. काका हातचे जातात की काय, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

"मीठ सोडलंत ना, काका?" पुन्हा दवाखान्यात आणल्यावर बाईंनी विचारलं.

"चरबीला मीठ काय करणार?"

तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. "काका, ही चरबी नाही. याला जलोदर म्हणतात. पोटात पाणी साचलंय. तुमचं लिव्हर थकलंय, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं."

"पाणी होय? मग आधी सांगायचं ना, बाई."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या.

काकूंनी त्याच दिवशी मिठाची बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली. बाईंनी सुईने थोडं पाणी काढलं, औषधं चालू राहिली. हळूहळू काकांना पाठ टेकून झोप येऊ लागली.

मलाही एक गोष्ट कळली. बाई काकूंना सांगत होत्या, असायटिसचं मूळ 'चामड्याची पिशवी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणजे तो माझा वैरी नव्हताच. दूरदूरच्या माणसांनी एकच दुखणं पाहिलं आणि त्यांना जवळजवळ एकच गोष्ट सुचली. माझा राग तिथेच निवळला.

परवा तपासणीच्या वेळी बाईंच्या तोंडून आणखी एक लांबलचक नाव निघालं. काका मान डोलावणार, तोच थांबले. "बाई, मला कळेल असं सांगा." बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगू लागल्या.

मित्रांनो, तुम्हीही असंच विचारा. नुसती मान डोलावण्यात काकांचा जीव जाता जाता राहिला.