पाचवा

एल्सपेटने दाराचा अडसर काढून फटीतून पाहिलं. धुक्यात लोहार गिल्बर्ट उभा होता, टोपी हातात धरून.

"आत घे, एल्सपेट. प्रार्थनेला आलोय."

मागे जोनेटम्हातारीच्या स्वयंपाकघरात, मासळी चिरायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून वृद्ध पाद्री लम्सडेन उभे होते. ही मंडळी नव्या राजाचं नाव प्रार्थनेत घेत नाहीत, म्हणून सैनिकांनी त्यांचं चर्च जाळलं होतं. कुलूप तुटलं ते याच गिल्बर्टच्या घणाने. आता कायदा असा, की पाद्री आणि घरधनीण सोडून चारच माणसं जमायची. पाचवा सापडला की पाद्री तुरुंगात. एल्सपेट धरून चार झाले होते.

"चार झालेत," ती कुजबुजली. "पुढच्या रविवारी ये."

"आजच घे गं." त्याचा आवाज चिरकला.

आतून जोनेट फणकारली, "घण आणलायस का रे बरोबर?"

"येऊ द्या त्याला," पाद्री म्हणाले. "दारातून परत पाठवणं मला जमायचं नाही."

तुरुंगात गेलेला हा म्हातारा जिवंत परतणार नाही, हे एल्सपेटला ठाऊक होतं. तिने शाल ओढली.

"माझ्या जागी बस जा."

गिल्बर्टने तिची बाही धरली. "तू कशाला जातेस? आतच थांब ना!"

तिने बाही सोडवली, त्याला आत ढकललं आणि बाहेर भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली. इतक्यात बुटांचा आवाज आला. सार्जंट आणि तीन शिपाई.

"आत किती?"

"चार." ती म्हणाली.

ते आत घुसले. माणसं मोजल्याचं तिला बाहेर ऐकू आलं. मग सार्जंट सावकाश म्हणाला,

"पाच म्हणाला होतास, गिल्बर्ट."

बूट धुक्यात विरले तेव्हा ती उंबऱ्यापाशी आली. गिल्बर्ट गुडघ्यांवर बसला होता.

"थोरल्या पोराला धरून नेलंय माझ्या. पाचवा हो, त्याला सोडतो, म्हणाले."

"आणि आता?" जोनेटने विचारलं.

पाद्रींनी प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. त्याचे हात वर येईनात. सगळे एल्सपेटकडे पाहू लागले.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"द्या त्याला. आत चार झालेत," ती म्हणाली, आणि बाहेरूनच दार ओढून घेतलं.