उजव्या कड्यावरचा ससाणा

लाकडावर जे कोरावं ते कागदावर उलटं उमटतं. म्हणून मी आधी चित्र उलटं करून घेते आणि मगच कोरायला बसते. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की झोपेतही चुकायची नाही. फक्त ससाण्याच्या वेळी मी ती मुद्दाम मोडली.

ससाणा मला काकांनी दाखवला. काका निवृत्त वनरक्षक. बोलणं मोजकं, आणि तेही निम्मं पाखरांबद्दल. गेल्या वर्षी ते मला जुन्या पुलावर घेऊन गेले. खाली नदी, दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीचे कडे. डाव्या कड्यातल्या एका कपारीकडे त्यांनी नुसती हनुवटी उडवली. दुर्बीण लावली तर मादी पिलांना भरवत होती.

"चित्र काढ," काका म्हणाले, "पण पत्ता देऊ नकोस. पूर्वी एकदा फोटोवाल्यांनी इथे गर्दी केली. मादी उठून गेली ती गेलीच. पिलं उन्हात मेली."

म्हणून चित्र न उलटवता जसंच्या तसं कोरलं. दगडाच्या भेगा आणि छातीवरचे पट्टे यांतच तीन आठवडे गेले. छापल्यावर घरटं उजव्या कड्यावर गेलं आणि नदी डावीकडे वळली. शोधा म्हटलं आता, डोळे फुटेपर्यंत! मी स्वतःवर जाम खूश होते.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रदर्शन होतं. चौथ्या दिवशी काका आले. हात मागे बांधून ससाण्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"उजवीकडे घातलीस."

"मुद्दाम. फसू देत लोकांना."

"यंदा ती उजवीकडेच बसलीय," काका म्हणाले. "पंधरा दिवस झाले. तीन अंडी आहेत."

आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी त्यांच्यावरच डाफरले. खरं तर राग माझा मलाच आला होता. त्यांच्यादेखत मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि तिथल्या बाईंना शाई सुटतेय म्हणून ठोकून दिलं. पण त्याची एक प्रत पहिल्याच दिवशी गेली होती, आणि तीही नेमकी दातांच्या डॉक्टरांकडे. हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी गळ्यात हातभर कॅमेरा अडकवून रानात हिंडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्याचं चित्र काखेत मारून मी दवाखाना गाठला. म्हटलं, अदलाबदल करून टाकू. ससाणा बाहेरच्या खोलीत, किडलेल्या दाढांच्या तक्त्याशेजारी लटकत होता. बाकावर दोन पेशंट गाल धरून बसले होते.

"बाई, बरं झालं आलात!" डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. "तुमची चूक सापडलीय मला. पूल मी लगेच ओळखला. पण खरी नदी उजवीकडे वळते, आणि इथे बघा, डावीकडे. म्हटलं, बाई उलटवायला विसरल्या! मग मोबाइलमध्ये चित्र फिरवून घेतलं आणि रविवारी डाव्या कड्यासमोर चार तास ठाण मांडून बसलो."

"मग?"

"मग काय, कपार रिकामी! चिटपाखरू नाही." त्यांनी माझ्यापुढे बोट नाचवलं. "खरं सांगा, ससाणा तुम्ही पाहिलाच नाहीत. मनानंच घातलात ना?"

पेशंट गालावरचे हात काढून ऐकायला लागले. माझे कान तापले. पंचवीस वर्षं मी कोरते आहे. न पाहिलेलं एक पीससुद्धा आजवर कोरलेलं नाही, आणि या माणसाला ते तिथल्या तिथे ऐकवावं असं फार वाटलं.

"हो," मी म्हणाले. "नदी उलटवायची राहून गेली आणि पक्षी मनानंच घातला."

"तरीच!" डॉक्टर हसले. "उगाच माझा रविवार घालवलात. आता कोण जातंय तिकडे."

मी बगळा पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

"नको नको, हेच राहू दे. येईल त्याला सांगायला गंमत झाली. बाई चित्रकार नुसत्या नावाच्या, न बघताच काढतात."

"जरूर सांगा," मी म्हणाले. "सगळ्यांना सांगा."