दहा रुपयांत विमान

विमान गरिबाला परवडतं का, हा प्रश्न सेहेचाळीस सालच्या कार्तिकात आमच्या गावाला पडला, आणि त्याच विमानातून, दुसऱ्याच एका कामासाठी, गावाने मला वर पाठवलं. मला, म्हणजे भागूबाईला. माझी तेव्हा पन्नाशी उलटली होती आणि आगगाडीतसुद्धा मी जन्मात दोनदाच बसले होते.

साजगावची जत्रा भरली होती. खोपोलीच्या अंगाला ही जत्रा पंधरा दिवस चालते. सुकी मासळी आणि घोंगड्या घ्यायला सगळा मुलूख तिकडे लोटतो. जत्रेच्या चौथ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या माळावर विमान उतरलं. दोन पंख वर, दोन खाली, मध्ये काठ्या आणि तारा, आणि सगळ्या अंगावर कापड. हो, कापडच! मी बोटाने दाबून पाहिलं तर आत गेलं. एवढ्याशा कापडावर माणूस आभाळात जातो, हे मला काही केल्या पटेना.

त्यातून टिपणीस नावाचा एक काटकुळा तरुण उतरला. मूळचा महाडकडचा, आता मुंबईचा. लढाईत तो सरकारची विमानं उडवायचा. लढाई संपल्यावर सरकारने जुनी विमानं विकायला काढली, तेव्हा याने दोन मित्रांबरोबर भागीत हे घेतलं. जत्रेतल्या लोकांना दहा रुपयांत एक फेरी मारून आणायची, असा त्याचा बेत होता. पण साजगावजवळ त्याला सपाट जागा मिळेना, म्हणून आमचा माळ धरला, आणि जत्रा राहिली दोन कोस लांब. तीन दिवसांत फक्त दोन गिऱ्हाइकं आली, एक खोपोलीचा व्यापारी आणि एक हौशी वकील. बाकी आम्ही सगळे फुकटे. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की माळावर.

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही नवी वस्तू दिसली की ती किती खाते, हे मी आधी विचारते.

"घेतलंत कितीला?" मी पहिल्याच दिवशी टिपणिसाला विचारलं.

"अडीच हजारांना. तिघांत मिळून."

"आनि खातं किती?"

"तासाला पाच गॅलन पेट्रोल. तेही कुपनावर."

"उडवलंच नाय तर?"

"तरी खातं, आत्याबाई. जुहूला ठेवायच्या जागेचं भाडं, दर वर्षाची तपासणी, परवाना. कापड फाटलं तर कापड."

"म्हंजी भाकड म्हस," मी म्हटलं. "दूध नाय नि वैरन रोजची."

टिपणीस मोठ्याने हसला. "म्हैस निदान विकली तरी जाते. लढाईत आम्ही म्हणायचो, आता कारकुनाच्या दारातसुद्धा विमान येईल. विमान आलं हो, पण पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"मंग ठेवलाव कशाला?"

"एकदा वर या, मग विचारा," तो म्हणाला. दहा रुपये म्हणजे मणभर भाताहून जास्त. मी त्या दिवशी घरी निघून आले, पण चित्त तिथेच राहिलं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले. पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, मी नको म्हटलं. तेव्हा माझ्या बापाने एक खाचर माझ्या नावाने बाजूला काढलं, चोळीबांगडीचं म्हणून. बांगड्या माझ्या नशिबात उरल्या नव्हत्या, पण खाचर उरलं. त्यातला भात माझा, त्यावर कुणाचा हक्क नाही. माझ्या दोन भावांच्या माघारी बाकीची जमीन त्यांच्या मुलांकडे आली, भिवाजीकडे आणि सदूकडे. माझं खाचर वरच्या अंगाला आडवं. त्याच्या खाली डावीकडे भिवाजीचं, उजवीकडे सदूचं, त्या दोघांच्या मध्ये एक बांध, आणि माझ्या खाचराला त्यांच्यापासून तोडणारे दोन.

भांडण त्या मधल्या बांधाचं. भिवाजी म्हणायचा सदू बांध कोरतो, सदू म्हणायचा भिवाजी कोरतो. बांध कोरणं ही आमच्याकडची जुनी कला आहे. दर साली आपल्या अंगाची वीतभर माती कोरायची आणि पलीकडच्या अंगाला थापायची. बांध तेवढाच जाड राहतो, फक्त हळूहळू चालत जातो. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं. मोजणीदाराची तारीख दोनदा पावसात वाहून गेली होती, आणि आता प्रकरण कर्जतच्या कोर्टात लागलं होतं.

खरी गंमत मला ठाऊक होती. लावणीला मी तिन्ही खाचरांत वाकते, आणि रोपांचे भारे मीच बांधते, माझ्या कवेच्या मापाचे. बापाच्या वेळी माझ्या खाचराला बारा भारे रोप लागायचं. गेली दोन वर्षं आठच लागत होतं. भिवाजीच्या खाचराला दोन भारे जास्त लागायला लागले होते, सदूच्याही दोन. म्हणजे मधला बांध जागचा हलला नव्हता. दोघंही गुपचूप आपापल्या अंगाचा माझा बांध कोरत होते. शेजाऱ्याचं खाचर वाढलेलं प्रत्येकाला दिसत होतं. आत्याला आपण एकटेच कुरतडतोय, असंच प्रत्येकाला वाटायचं. मग दुसऱ्याचं वाढलं ते आपल्यातूनच, असा त्यांचा हिशेब.

मी हे सांगितलं नव्हतं असं नाही. भिवाजीला सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्ये, तुजं वय झालं, लावनी विरळ करतीस." सदूला सांगितलं, तर तो म्हणाला, "औंदा रोपच जोमाचं हाय." शेवटी आबाजी पाटलाच्या ओट्यावर गेले. पाटील म्हणाला, "भागू, दोन पोरं तुला बसवून खायला घालतात नि तू भारे मोजतीस?" बसवून! मी त्या दिवशी घरी येऊन रडले, आणि रागाने चुलीवरचा भात करपवला. पूर्वी माझा भात शिमग्यापर्यंत पुरायचा. आता पौषात कणगी रिकामी व्हायची आणि मला सुनांच्या दारात सूप घेऊन उभं राहावं लागायचं.

तर विमानाच्या चौथ्या दिवशी भिवाजी टिपणिसाकडे गेला. "सायेब, वरनं बांध दिसंल काय?"

"सगळा तालुका दिसतो," टिपणीस म्हणाला. "बांध म्हणजे काय, रेघच."

हे सदूच्या कानावर जायला किती वेळ लागतो? तोही धोतर सावरत धावला. पण टिपणिसाने हात वर केले. पेट्रोल एकाच फेरीपुरतं उरलं होतं, बाकीचं जुहूला परत जायला लागणार होतं. माणूस एकच, आणि तोही हलका हवा, कारण माळ आखूड. भिवाजी गेला तर सदूला पटणार नाही, सदू गेला तर भिवाजीला. दोघंही अंगाने भात भरलेल्या पोत्यासारखे.

आबाजी पाटलाने तोड काढली. भाडं अर्धं अर्धं, आणि वर जायचं तिसऱ्याने. कोण तिसरं? दोघांनी एकदम माझं नाव घेतलं.

"आत्या खोटं बोलायची नाय," सदू म्हणाला.

"आनि तिचं त्यात काय हाय?" भिवाजी म्हणाला. "ना जमीन ना जुमला."

कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे दोन्ही कुंपणं मिळून मलाच न्यायाधीश नेमत होती. मनात म्हटलं, बरं झालं, आता माझं खाचर मी डोळ्यांनी बघते.

पाटलाने गावदेवीचा अंगारा आणला. आत्या सांगेल ते मान्य करून कोर्टातलं प्रकरण काढून घ्यायचं, अशी पुतण्यांची शपथ. खरं तेच सांगायचं, अशी माझी. तिघांच्या कपाळाला अंगारा लागला. सगळा गाव साक्षीला होता.

टिपणिसाने माझ्या डोक्यावर कातडी टोपी चढवली, डोळ्यांवर चष्मा बांधला. लुगडं दोरीने पायांशी आवळलं. भिवाजीची बायको सुंदरा पदर तोंडाला लावून हसत होती. मला पुढच्या खोबणीत बसवून पट्टे आवळले, टिपणीस मागे बसला. "उजवीकडे बघा हं," तो ओरडून म्हणाला. "तुमच्या शेतावर आलो की मी उजवा पंख खाली करीन. तेव्हा बघा."

विमान माळावरून उड्या मारत धावलं. मला वाटलं, कंबरडं मोडणार. आणि एकदम उड्या थांबल्या. वाटलं, विमान बंद पडलं. खाली पाहिलं तर माळ खाली जात होता, म्हशी खाली जात होत्या, आणि सगळा गाव तोंडं वर करून उभा होता. भीती वाटली का? वाटली, पण तिला वेळच मिळाला नाही. बघायलाच इतकं होतं. भिवपुरीकडे डोंगरावरून उतरलेले वीजघराचे पाण्याचे मोठे नळ दिसले, घाटाकडे निघालेली गाडी दिसली, पुढे इंजिन आणि ढकलायला मागेही इंजिन. माथेरानचा डोंगर जन्मभर मान वर करून पाहिला होता, तो आता माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

आणि मग डावीकडे मला चौक गाव दिसलं, त्यापलीकडे एक तळं, तळ्याकाठी चिंचांची रांग. माझं सासर. चौतीस वर्षं मी तिकडे गेले नव्हते. नवरी होऊन निघाले तेव्हा बैलगाडीत अर्धा दिवस रडले होते, इतकं ते लांब होतं. आणि आता माझं माहेर नि माझं सासर एका नजरेत मावत होतं. एवढंसं अंतर होतं होय? नवरा गेला त्या घराचं छप्पर मी शोधत होते. ते सापडलं की नाही, सांगता येत नाही. चष्म्याच्या आत पाणी साचलं होतं.

विमान मध्येच एका अंगावर कललं होतं, ते मला आठवतं. मी मात्र डावीकडची मान वळवली नाही.

चाकं माळावर आपटली तेव्हा मला शेत आठवलं. दहा रुपये, कपाळावर अंगारा, सगळा गाव धावत येतोय, आणि मी बांध पाहिलाच नव्हता! स्वतःचं खाचरसुद्धा नाही.

पट्टे सुटेपर्यंत मी विचार केला. शपथ खरं सांगायची होती. खरं काय ते मला दोन वर्षं ठाऊक होतं. ते कुठून पाहिलेलं असावं, हे गावदेवीने विचारलं नव्हतं.

"आत्ये, बोल," भिवाजी म्हणाला. "बांध कुनाकडं सरकलाय?"

"तुमचा बांध सूत लावल्यागत सरळ हाय," मी म्हटलं. "जरा बी हललेला नाय. वाकडे झालेत ते माजे दोन. एक भिवाजीच्या अंगाचा, एक सदूच्या. दोनी माज्या खाचरात शिरलेत. माजं खाचर तिसऱ्या हिश्शानं कमी झालंय."

भिवाजीने सदूकडे पाहिलं, सदूने भिवाजीकडे.

"तू बी कोरत व्हतास?" सदूच्या तोंडून गेलं.

"तू बी?" भिवाजी म्हणाला, आणि मग जीभ चावली.

आबाजी पाटलाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "वरनं बगितलंय तिनं," तो लोकांना म्हणाला. "आता वाद नाय." एकानेही माझं वय काढलं नाही.

टिपणीस निघायच्या तयारीला लागला. मी टोपी परत द्यायला गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आत्याबाई, शेत उजवीकडे होतं. तुम्ही सगळा वेळ डावीकडे बघत होतात. मी मागून बघत होतो."

"मंग सांगा ना गावाला," मी म्हटलं.

"छे. दोघं कबूल झाले, म्हणजे तुमचं खरंच होतं." तो जरा थांबला. "आता कळलं ना, कशाला ठेवलंय ते?"

"कळलं," मी म्हटलं. "पन तुमाला परवडायचं नाय हो. इकून टाका." तो हसला, पण त्याचंही मन भरून आलं होतं. विमान पुढे त्याने विकलं असेल, नाही तर मोडीत घातलं असेल. आमच्याकडे ते पुन्हा आलं नाही.

आठवडाभरात दोघांनी मिळून माझे बांध मागे नेले. पाटील दोरी धरून उभा, आणि सदू नि भिवाजी एकाच पाटीला हात लावून माती वाहत होते, तीन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांशी बोलत. मी त्यांच्यासाठी ताक घेऊन गेले.

ताक पिऊन भिवाजी माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "आत्ये, लावनी तूच करतीस. तुला आदी ठावं नव्हतं काय गं? मंग बोलली का नायस?"

"बोलले व्हते रं," मी म्हटलं. "तीन येळा बोलले. पन तवा खालनं बोलले व्हते."

त्याने गडवा खाली ठेवला आणि पाटी उचलून पुन्हा मातीकडे गेला.