दोरानची बाजू

वैजनाथचा फोन आला तेव्हा शिवशंकर बारावीच्या सराव परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासत होता.

"काय करून राहिला?"

"पेपर तपासतोय."

"ठेव ते बाजूला. रविवारी अहमदपूरला ये. रेणुकादास सर क्लास बंद करायलेत. सोमवारी सगळं सामान उचलणार. अन् ऐक, आपलं चार नंबरचं मशीन अजून चालू होतंय."

शिवशंकरने लाल पेन खाली ठेवलं. "चालू होतंय म्हणजे?"

"म्हणजे चालू होतंय! मी सोता बघून आलो. गेम बी हाय त्यात. आपण सोडला होता तिथंच, किल्ल्याच्या दारात. दोरानमामा उभाच हाय बिचारा, वीस वर्षं झाली. तू पहिल्यासारखं मराठीत सांगायचं. आरतीला, भीमाला बी सांगून ठेवलंय मी."

फोन बंद झाला. शिवशंकरने उरलेले अकरा पेपर तपासले आणि दोन मुलांच्या गुणांची बेरीज चुकवली.

नांदेडच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवतो, तिथे एखाद्या इंग्रजी वाक्याचा अर्थ लागला नाही की इतर विषयांचे प्राध्यापकही त्याच्याकडे येतात. सप्टेंबर २००५ ते जून २००६ या दहा महिन्यांत त्याने तीन मित्रांना एका गेममधले सगळे इंग्रजी संवाद मराठीत करून सांगितले होते. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडल्यावर वडिलांनी त्याला लातूरला अकरावी सायन्सला घातलं होतं. तिसऱ्या महिन्यात तो ट्रंक घेऊन अहमदपूरला परत आला. मेसचं जेवण पचत नाही, असं त्याने घरी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिथे सगळं इंग्रजीत होतं आणि तो मराठी शाळेतून गेलेला. चौथ्या बाकावर बसून तो फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचा. त्यातलं त्याला काही समजत नव्हतं.

अहमदपूरला आर्ट्सला प्रवेश मिळाला. रिकामा वेळ जावा म्हणून वडिलांनी त्याला एसटी स्टँडसमोरच्या रेणुकादास सरांच्या कॉम्प्युटर क्लासला लावलं. कापडाच्या दुकानावर एक लांबट खोली, सहा मशीनं, कोपऱ्यात काचेचं पार्टिशन आणि त्यामागे सरांची खुर्ची. पाचची बॅच सहाला संपायची. त्यानंतर लाइट जाईपर्यंत चार नंबरच्या मशीनवर खेळायला सर परवानगी द्यायचे. टायपिंग करणाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर मात्र त्यांनी काढून ठेवले होते.

गेमची सीडी भीमाने नांदेडहून आणली होती. डोंगरातलं एक राज्य, एक जुलमी राजा, आणि त्याच्याविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा म्होरक्या दोरान. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी. पहिल्याच दिवशी वैजनाथने त्याचा दोरानमामा करून टाकला. दोरान बोलला की पडद्याच्या तळाशी वळणावळणाची अक्षरं उमटायची आणि तीन-चार सेकंदांत पुसली जायची.

"शिवाला बसू द्या रे," वैजनाथ खुर्चीवरून उठत म्हणाला होता. "लातूरला शिकून आलाय तो."

शिवशंकर बसला. अक्षरं आली आणि गेली. त्याला दोन शब्द लागले. एक 'बुरूज', दुसरा बहुधा 'आधी'. तीन तोंडं त्याच्याकडे वळलेली होती.

"तो म्हणतोय," शिवशंकर म्हणाला, "बुरुजाकडं जाऊ नका. तिथं माझा भाऊ आहे."

"भाऊ? राजाच्या फौजेत?"

"हां."

"आयला!" भीमा म्हणाला.

असा दोरानला भाऊ मिळाला. दुसऱ्या दिवशी पंचाईत झाली. दोरान स्वतःच पुढे होऊन सगळ्यांना बुरुजाकडे घेऊन गेला.

"काल म्हणला जाऊ नका, अन् आज सोताच न्यायला?" वैजनाथने विचारलं.

शिवशंकरने खुर्ची पुढे ओढली. "तेच तर. या माणसाचं काही खरं नाही."

तिथून पुढे त्याला रस्ता सापडला. दोरानला सच्चा ठरवला तर उद्या त्याच्या एका वाकड्या पावलाने भाषांतर उघडं पडणार. गद्दार ठरवला तर त्याने कुणाचा जीव वाचवला की संपलं. ज्याचा भरवसा नाही, त्याने काहीही केलं तरी खपतं. म्हणून दोरान दहा महिने अधांतरी राहिला. तो राजाला चिठ्ठ्या पाठवायचा, पण त्यात काय लिहितो ते कळत नव्हतं. बंडखोरांचं धान्य त्याने एकदा स्वतः जाळलं, आणि ते विषारी होतं असं चार दिवसांनी निघालं. एरवी गप्प बसणारी आरती वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून एका बाजूला 'आपला' आणि दुसऱ्या बाजूला 'त्यांचा' असे पुरावे मांडायची. वैजनाथची जळकोटची बस सातला सुटायची. वाद बसच्या खिडकीपर्यंत चालायचा. कंडक्टरने घंटी मारली तरी भीमा खालून ओरडायचा, "गद्दार हाय तुझा मामा!" आणि वैजनाथ खिडकीतून त्याच्या घरच्यांचा उद्धार करायचा.

घरी शिवशंकर आठवतील तेवढी अक्षरं कागदावर लिहून शब्दकोशात शोधायचा. ते त्याला जमायला लागलं तोवर उशीर झाला होता. दोरान त्याच्या हातातून पार पुढे गेला होता.

एक वाक्य मात्र वेगळं होतं. जानेवारीतली गोष्ट. त्या सकाळी वडील त्याला म्हणाले होते, "तुझं नक्की काय हाय? लातूरचा न्हाईस, हितला बी न्हाईस." संध्याकाळी पडद्यावर दोरान एका दगडाशी थांबला, काहीतरी बोलला, आणि शिवशंकर फारसा विचार न करता म्हणाला, "तो म्हणतोय, मी कोणाच्या बाजूचा ते विचारू नका. कोणासाठी थांबलोय ते बघा."

वैजनाथने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं.

आज जळकोटला वैजनाथचं 'केवळाबाई कृषी सेवा केंद्र' आहे. पाटीवर आईच्या नावाखाली पिवळ्या अक्षरांत ते वाक्य आहे, आणि त्याखाली 'दोरान'. दोरान म्हणजे परदेशातला कुणी संत असावा, अशी गावाची समजूत आहे. २००८ साली वैजनाथचे दोन्ही भाऊ पुण्याला कंपनीत लागले. तोही निघाला होता. मागे आई आणि सहा एकर राहणार होते. "बॅग भरून फाट्यावर उभा होतो मी," तो सांगतो. "मामाचं वाक्य आठवलं. माघारी फिरलो." ही हकीकत त्याने शिवशंकरला वीस वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी शिवशंकरने पाऊसपाण्याचा विषय काढला.

रविवारी जायचं टाळण्यासाठी त्याने दोन कारणं तयार ठेवली होती. मुलीने दोन्ही मोडून काढली. ऋतुजा आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. वडिलांचा गेम तिला बघायचाच होता. बसमध्ये वाटेतलं लोहा येईपर्यंत त्याने ठरवलं की वैजनाथला आधी बाजूला घेऊन सांगायचं. अहमदपूरला उतरल्यावर वैजनाथने त्याला मिठी मारली आणि भीमाला म्हणाला, "आला बघ आपला लातूरवाला." मग ते राहून गेलं.

खोलीत पाच मशीनं भिंतीला लावून ठेवली होती, वायरी गुंडाळून. चार नंबरचं तेवढं टेबलावर होतं. रेणुकादास सर पार्टिशनमागे वर्तमानपत्र घेऊन बसले होते, केस पांढरे झालेले, बसण्याची ढब तीच. शिवशंकरला त्यांच्याकडे बघवेना. त्या काळात या खोलीत इंग्रजी येणारा एकच माणूस होता, आणि तो याच खुर्चीत बसायचा. सरांच्या कानावर काय काय पडलं होतं, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

मशीन घरघरलं. पडदा निळा झाला, काळा झाला, आणि किल्ल्याचं दार आलं. दारात दोरान.

"मामा!" वैजनाथ म्हणाला.

अक्षरं उमटली.

"बोल शिवा."

शिवशंकरने तोंड उघडलं, त्याआधी ऋतुजाने वाचून मराठीत सांगितलं. "दार उघडायचं असेल तर साखळी ओढा. मी तुमच्या मागे आहे." पुढची ओळ आली. "मशाल विझली असेल तर डावीकडचं बटण दाबून धरा." ती हसली. "पप्पा, हे काका तर नुसत्या सूचना देतायत."

ऋतुजाने पडद्याच्या कोपऱ्यातल्या वहीच्या चित्रावर क्लिक केलं. आजवरचे दोरानचे सगळे संवाद एकाखाली एक उघडले. एक्केचाळीस ओळी होत्या. हे पान इतक्या वर्षांत कुणी उघडून बघितलं नव्हतं.

"भाऊ कुठाय त्याचा?" भीमाने विचारलं.

"भाऊ नाहीये यात."

"धान्य जाळतो ते?"

"नाही. इकडे चला, तिकडे चढा, एवढंच आहे. अगदी सरळ माणूस आहे, काका. पहिल्यापासून तुमच्याच बाजूने."

वैजनाथ पुढे वाकला. "दगडापाशी उभा राहून काय म्हणतो ते बघ गं."

ऋतुजाने शोधलं. "इथे थांबा. पहारेकरी गेला की पुढे जा."

वैजनाथने शिवशंकरकडे बघितलं.

"मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, वैजू," शिवशंकर म्हणाला. "लातूरहून मी जेवणामुळं नाही परत आलो. तिथलं काहीच कळत नव्हतं. इथं तुम्ही मला खुर्चीत बसवलं. मग जे सुचेल ते बोललो. तो कोणाचा, ते मलाच माहीत नव्हतं. म्हणून कोणाचाच ठेवला."

"अन् ते वाक्य?"

"माझं होतं."

वैजनाथ खिडकीशी गेला. खाली स्टँडवर उदगीरची गाडी लागत होती, कुणीतरी खिडकीतून सीटवर रुमाल टाकत होतं. ती गाडी वळून बाहेर पडेपर्यंत तो तिकडेच बघत राहिला. शिवशंकर त्याच्या पाठीकडे बघत उभा होता. मुलगी आपल्याकडे बघते आहे हेही त्याला कळत होतं.

"मशाल पेटवायला आपल्याला आठ दिवस लागले," वैजनाथ खिडकीपासूनच म्हणाला.

"हो."

"अन् तिथं लिवलेलं होतं."

"हो."

"आठ दिवस, शिवा! आंधळ्यासारखं भिंतीला धडका देऊन राहिलो. ह्यो भीमा गेममधल्या हिरीत तीनदा पडला!"

"चारदा," भीमा म्हणाला.

आरतीला हसू आवरेना. ती तोंडावर ओढणी धरून खाली बसली.

वैजनाथ वळला. तो हसत नव्हता. "फाट्यावरून मी माघारी फिरलो ते तुझ्या वाक्यावर. म्हणजे तूच मला थांबवलंस. ठाव हाय का तुला?"

"ठाऊक आहे. म्हणूनच कधी बोललो नाही."

"खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं? पहारेकरी गेला की पुढे जा!" वैजनाथने ते वाक्य तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितलं. "माझा पहारेकरी म्हंजे बाप, त्यो तर आधीच गेला होता. गेलो असतो मी पुढं. पुण्यात कुठं तरी गेटवर उभा असतो. माय हितं एकटीच गेली असती." त्याने मान हलवली. "न्हाई. बरं केलंस. लबाड हाईस, पण बरं केलंस."

"पाटीवरचं दोरानचं नाव बदलून घे," शिवशंकर म्हणाला.

"अन् काय, तुझं टाकू? जळकोटात तुला कोण वळखतंय? मामा हाय ते बराय."

पार्टिशनमागे वर्तमानपत्राची घडी झाली.

"सर," शिवशंकरने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काच पातळ आहे, शिवशंकर. तिसऱ्या दिवशी कळलं."

"मग मला थांबवलं का नाही?"

"थांबवणार होतो. पण त्या दिवशी तुझ्या गोष्टीत दोरानच्या भावाला ताप भरला होता. म्हटलं, आधी तो उतरू दे."

ऋतुजाचा हात माउसवर होता. "साखळी ओढू का? शेवट दिसेल."

"हात काढ, पोरी," वैजनाथ म्हणाला. "त्यो शेवट गेमवाल्या कंपनीचा. आमचा राहिलाय." त्याने जुनी लोखंडी खुर्ची ओढली आणि शिवशंकरला खांद्याला धरून तिच्यात बसवलं. "सांग. शेवटी तो कोणाचा?"

आरतीने पर्समधून पेन काढलं. कागद मिळेना म्हणून तो मागायला तिने भीमापुढे हात केला.

शिवशंकरने पडद्याकडे बघितलं. अक्षरं पुसली गेली होती. दोरान दारात उभा होता, खांद्यावर घोंगडी. त्या दहा महिन्यांत शेवट काय करायचा, याचा विचार त्याने एकदाही केला नव्हता.

"तो म्हणतोय," त्याने सुरुवात केली आणि थांबला.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरांनी ती उचलून पार्टिशनच्या या बाजूला आणली आणि ऋतुजाशेजारी ठेवून बसले.

"त्या भावाचा ताप उतरला का, ते आधी सांग," ते म्हणाले.