बोलक्या कोपऱ्याचा निकाल

परीक्षा तोंडावर आली आणि विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत ग्रंथालय ओस, कमानीखाली मात्र ही गर्दी! एरवी तिथे नाटकाच्या तालमी, निवडणुकीची भांडणं, प्रेमभंग, सगळं गुण्यागोविंदानं नांदायचं. आता एकच रांग. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे, हळूच विचारायचं. आणि खुद्द दिवंगत संस्थापक दगडातून उत्तर द्यायचे!

"शंकेखोरांशी दगड बोलत नाही!" काका बजावत होते. हे काका कुणाचेच काका नव्हेत. वर्षानुवर्षं एकाच वर्गात मुक्काम ठोकलेले आमचे सहाध्यायी. दक्षिणा म्हणून चहा-बिस्किटं चालत.

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी खोलीतली मैत्रीण पांढरीफटक पडून परतली.

"यंदा बसू नकोस, नापास होशील, म्हणाले. मी घरी चालले."

"अगं, वर्षभर रात्रीचा दिवस केलास आणि आता भिंतीचं ऐकतेस?"

"भिंतीचं नाही गं, संस्थापकांचं!"

माझं डोकंच फिरलं. तिला ओढतच भौतिकशास्त्राच्या बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "समोरच्या कोपऱ्यात कोण असतं, ते पाहिलंत का?"

आम्ही तिघी गेलो. तिथे सूचना फलकामागे काकांचा जिगरी दोस्त भिंतीला तोंड लावून बसलेला, गालात बिस्कीट! बाईंनी त्याला बखोट धरून उठवलं आणि स्वतः भिंतीशी पुटपुटल्या, "काका माझ्या तासाला कधी येणार?"

पलीकडच्या कोपऱ्यातली मुलगी किंचाळली, "काका, संस्थापक विचारताहेत, तुम्ही तासाला कधी येणार?"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आवाज गोल कमानीला धरून सरकतो नि समोरच्या कोपऱ्यात उतरतो," बाईंनी सगळ्यांना सांगितलं. "मधल्यांना काही ऐकू येत नाही. करून बघा." पोरं करून बघू लागली आणि हसून लोटपोट झाली.

माझी मैत्रीण हसली नाही. ती काकांपुढे उभी राहिली. "मलाच का नापास केलंत?"

"अगं, तुझं असं काही नाही," काका चाचरले. "सगळ्यांनाच पास म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? म्हणून अधूनमधून एखाद्याला..."

ती रडली, मग भडकली, मग अभ्यासाला बसली. पेपरही दिले.

बाबांनो, चमत्कार दिसला तर खुशाल थक्क व्हा. पण एकदा मागे वळून बघा. तेवढ्यानं कुणाचं तरी वर्ष वाचतं.